उद्यावर ढकललेली भेट

मोबाइलने आपली पुष्कळ सोय केली आहे. औषधाची वेळ, विजेच्या बिलाची तारीख, नातलगांचे वाढदिवस हे सारे तो न विसरता सांगतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु आठवण करून देणे आणि जाब विचारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

समजा, ‘आजारी मावशीला भेटणे’ अशी नोंद मोबाइलमध्ये आहे. घंटी वाजते, आपण कामात असतो, बोट लावले की नोंद उद्यावर जाते. उद्याची परवावर जाते. ढकलायला श्रम पडत नाहीत, म्हणून मनाला टोचणीही लागत नाही. तीच नोंद वहीत असली, तर रोज नव्या पानावर आपल्याच हाताने पुन्हा उतरवावी लागते. चौथ्या दिवशी तेच शब्द लिहिताना पेन अडखळते. वेळ नाही, की इच्छा नाही? हा प्रश्न आपलेच अक्षर आपल्याला विचारते.

अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन (१७०६-१७९०) यांनी आपल्या आत्मचरित्रात अशाच एका छोट्या वहीची हकिकत सांगितली आहे. त्यांनी १३ सद्गुण निवडले, प्रत्येकाला एक पान दिले आणि लाल शाईने आठवड्याच्या सात दिवसांचे रकाने आखले. ज्या दिवशी चूक होई, त्या रकान्यात ते काळा ठिपका देत. आपण समजत होतो त्याहून आपल्यात कितीतरी अधिक दोष आहेत, हे पाहून ते चकित झाले. जुने ठिपके खरवडून पुन्हा नवे देता देता वहीला भोके पडली! व्यवस्थितपणा हा गुण तर त्यांना अखेरपर्यंत नीट साधला नाही. तरीही, या प्रयत्नाने आपण अधिक चांगले आणि अधिक सुखी झालो, असे ते लिहितात.

ठिपका देणारा हात त्यांचाच होता, हे महत्त्वाचे. दुसऱ्याने दाखवलेला दोष आपण नाकारतो. स्वतः लिहिलेला नाकारणे कठीण जाते.

तेव्हा मोबाइल खुशाल वापरूया. मात्र मुलांच्या जुन्या वहीतील कोरी पाने फेकून देऊ नयेत. रात्री झोपण्यापूर्वी तीन ओळी पुरेत: आज कोणाचे भले केले, कोणाला दुखावले, कोणाची भेट उद्यावर ढकलली. ती वही कोणाला दाखवायची नाही. आठवडाभराने आपणच ती वाचावी, आणि मावशीकडे जाऊन यावे.