प्रवासाचे तास कोणाच्या हिशेबात?

बदलापूरहून मुंबईच्या फोर्टात नोकरीला येणाऱ्या माणसाला त्याची नोकरी किती तासांची असे विचारले, तर तो आठ किंवा नऊ म्हणेल. दार ओढून घेतल्यापासून पुन्हा उघडेपर्यंतचे तास मोजले, तर ते बारा-तेरा भरतात. मधले चार तास कोणाच्याच वहीत नसतात. कंपनीच्या लेखी तो अजून आलेला नसतो किंवा सुटलेला असतो. घरच्यांच्या लेखी तो कामावर असतो. गाड्या वाढवा, डबे पंधरा करा, दारे बंद होणारी बसवा, या मागण्या रास्तच आहेत. पण घर आणि काम यांच्यात एवढे अंतर आले कुठून आणि त्याचे मोल कोण चुकते करतो, हा प्रश्न त्यांच्याही आधीचा आहे.

हे अंतर निसर्गाने घातलेले नाही. मुंबईच्या गिरणगावात कामगार भोंगा ऐकून चाळीतून निघे आणि चालत खात्यात पोहोचे. ते दिवस सुखाचे नव्हते. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे होती, फुफ्फुसात कापसाची धूळ होती. तरी कामावर जायला त्याला तासन्‌तास वेचावे लागत नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. त्या जमिनींसाठी १९९१ मध्ये नियम झाला: एक वाटा मालकाला, एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि घरांचा, मैदानांचा वाटा आक्रसला. तिथे कचेऱ्यांचे मनोरे उठले. त्यांत काम करणारी माणसे मात्र कल्याण-वसईहून येऊ लागली. तिथल्या स्थानकांचे जिने गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्या मृत्यूंचे मूळ मला जिन्याच्या रुंदीइतकेच त्या दुरुस्तीतही दिसते.

हे अंतर कमी करण्याची दुसरी संधी त्याही आधी गेली होती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर मांडले, १९७० मध्ये ते वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. सरकारी कचेऱ्या तिकडे जातील आणि त्यांच्या मागून बाकीचा व्यवहार जाईल, हा त्या कल्पनेचा गाभा होता. मंत्रालय हलले नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला समुद्र बुजवून आणखी मनोरे उभे राहिले. चिंचोळ्या बेटाच्या दक्षिण टोकाला काम आणि उत्तरेला, पूर्वेला घरे, अशी ही मांडणी माणसांनी ठरवून केलेली किंवा ठरवून न बदललेली आहे.

तिचा भार शरीरांवर येतो. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात, त्या अवस्थेला रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असे नावही आहे. हात वर गेला तर खाली आणता येत नाही. बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, त्याची कौतुकाने छायाचित्रे छापली जातात. मला त्या कौतुकाचा त्रास होतो. ती बाई पहाटे साडेचारला उठून डबे भरून निघालेली असते, आणि घरी पोहोचल्यावर भाजी निवडायला वेळ उरणार नाही हे तिला ठाऊक असते. तिघांच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून होणारी भांडणे, दिवा स्थानकावर गाडीत शिरू न देणारे आणि शिरण्यासाठी झगडणारे यांच्यातले वैर, हेही त्याच टंचाईतून येते. दोन्हीकडे सारखीच दमलेली माणसे असतात.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. नंतर चर्चा दारांची झाली. माणूस दारात का लटकतो, याची फारशी झाली नाही. ही गाडी सोडली तर पुढचीही तेवढीच भरलेली येते, आणि अनेक कचेऱ्यांत तीन लेट मार्कांना एक रजा कापली जाते. कंत्राटी कामगाराचा तर पगारच कापतात. माणसाला दारात उभे करण्यात हजेरीच्या मस्टरचाही हात आहे.

कायदा या बाबतीत आपल्या व्यवहाराच्या पुढे गेला आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा एक रखवालदार २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला जाताना वाटेत अपघातात गेला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला: वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर कामावर जातानाचा अपघातही नोकरीच्या ओघातला धरता येतो. म्हणजे वाटेतले मरण नोकरीत मोजता येते. मग वाटेतले जगणे का मोजू नये?

पास स्वस्त आहे, असे यावर सांगितले जाते. स्वस्त पासामुळेच दूरवरच्या माणसाला कमी पगारात बोलावणे मालकाला परवडते. त्या सवलतीचा लाभ मालकाच्याही पदरात पडतो. तेव्हा भारही त्याने उचलावा. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये शेकडो आस्थापनांना कामाच्या वेळा पुढेमागे करण्याची विनंती केली होती. विनंतीवर हे भागणार नाही. गाडी उशिरा असल्याचे रेल्वेनेच जाहीर केले असेल, त्या दिवशी लेट मार्क लागू नये, एवढे तरी नियमात बसवायला हवे. जे काम घरून होते ते आठवड्यातले काही दिवस घरून व्हावे. २०२० मध्ये लोकल बंद असताना ते झालेच होते. परिचारिका, सफाई कामगार, रखवालदार, घरकाम करणाऱ्या बाया यांना ही सोय नाही. त्यांना कामाजवळ परवडणारे भाड्याचे घरच लागेल.

पूर्व किनाऱ्यावरची बंदराची जमीन आणि धारावी यांच्या पुनर्विकासाच्या योजना आता पुढे आल्या आहेत. तिथे उभ्या राहणाऱ्या कचेऱ्यांत, दुकानांत काम करणाऱ्यांपैकी किती जण चालत कामावर येऊ शकतील, हा आकडा आराखड्यासोबत जाहीर करण्याची सक्ती हवी. तो दिल्याशिवाय कोणत्याही मनोऱ्याला परवानगी मिळू नये.