आधी वाट कुणाची?

चंदीगढच्या चौकांत पुतळे दिसत नाहीत. शहराचा आराखडा करणाऱ्या ल कार्बुझिए यांनी शहरासाठी जो जाहीरनामा लिहून ठेवला, त्यात व्यक्तींचे पुतळे उभारायचे नाहीत असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे जिथे महापुरुष उभे असतात, तिथे या शहरात हिरवळीचं मोठं वर्तुळ आणि फुलझाडं असतात. मध्य मार्ग आणि जन मार्ग एकमेकांना छेदतात त्या वर्तुळात एक मटका आहे, म्हणून तो मटका चौक. अशा वर्तुळाला तिथले लोक गोल चक्कर म्हणतात आणि सिग्नलच्या चौकाला लाइट पॉइंट. गेली काही वर्षं या दोहोंत ओढाताण चालली आहे. गर्दी वाढली की गोल चक्करावर दिवे बसतात, वर्तुळ छाटलं जातं, नाहीतर वरून पूल न्यायचं घाटतं. ट्रिब्यून चौकात उड्डाणपूल करायचं ठरलं, तेव्हा झाडं तोडायला पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्थगिती दिली होती.

हा वाद अभियंत्यांचा आहे म्हणून आपण तो सोडून देतो. मला तो नीतीचा वाटतो. चार दिशांनी चार अनोळखी माणसं येतात, प्रत्येकाला घाई असते. आधी कुणी जायचं हे कुणी ठरवायचं आणि कशाच्या आधारावर?

सिग्नलवर ते दिवा ठरवतो. त्याचा मोठा गुण असा की दिवा सगळ्यांना सारखा असतो. पण हिरवा दिवा दिसला की बाकीच्यांचा विचार करायची जबाबदारी संपली, असंही मनात बसतं. हिरवा जायच्या आत निसटावं म्हणून पाय ॲक्सिलरेटरवर पडतो आणि साध्या चौकातले बरेच जीवघेणे अपघात अशाच क्षणी होतात. एक गाडी दुसरीच्या कुशीत काटकोनात आणि पूर्ण वेगात घुसते. गोल चौकात अशी धडक जवळजवळ होतच नाही. वळल्याशिवाय आत शिरता येत नाही, वळायचं तर वेग उतरवावा लागतो आणि आत सगळे एकाच दिशेनं चाललेले असतात. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना भिडतात, एकपदरी गोल चौकात फक्त ८ ठिकाणी. अमेरिकेत जे चौक बदलून गोल केले, तिथे माणसं जखमी होणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशांनी कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं. शिवाय वीज गेली तरी गोल चौक चालू राहतो.

मात्र तो चालतो एका अटीवर. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनमध्ये गोल चौकांवर आधी कुणी जायचं याचा पक्का नियम नव्हता. बाहेरचे आत घुसत, आतल्यांना बाहेर पडायला जागा उरत नसे आणि सगळं वर्तुळ जाम होई. १९६६ मध्ये तिथे नियम झाला: जो आत आहे त्याला आधी जाऊ द्यायचं, बाहेरच्यानं थांबायचं. रस्ते तेच, गाड्या त्याच, पण एवढ्या एका नियमानं कोंडी सुटली. आज जगभर जे गोल चौक बांधले जातात, ते याच नियमाच्या भरवशावर. आपल्याकडे २०१७ च्या वाहनचालन नियमांत हेच लिहिलं आहे. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणजे वर्तुळातली गाडी आपल्या उजवीकडून येते. उजवीकडे पाहायचं, फट मिळेपर्यंत थांबायचं, मग शिरायचं. दिवसातून शेकडो वेळा, शिपाई नसताना, दिवा नसताना, लोक एकमेकांसाठी थांबतात ही साधी गोष्ट नाही. चंदीगढच्या एखाद्या आतल्या गोल चक्करावर सकाळी उभं राहून हे पाहिलं, तर आपल्या शहरांबद्दल उमेद वाटते.

पण तिथेच आणखी थोडा वेळ उभं राहावं आणि या वेळी चालणाऱ्यांकडे पाहावं.

हातात डबा घेतलेली एक बाई डाव्या कडेला उभी असते. येणारा चालक वेग कमी करतो, पण त्याची मान उजवीकडे वळलेली असते. त्याला फट शोधायची असते आणि फट उजवीकडून मिळते. बाई डावीकडे आहे. तो तिला टाळत नाही, त्याला ती दिसतच नाही. फट सापडल्याक्षणी तो गाडी पुढे काढतो, नेमकं त्याच वेळी तिनं पाऊल उचललेलं असतं. ती मागे सरते. मग ती रस्त्याची दुसरी बाजू पाहते, तर तिथे वर्तुळातून सुटलेल्या गाड्या मोकळा रस्ता दिसताच वेग घेत असतात. त्यातली कुठली आपल्या फाट्यावर वळणार आणि कुठली पुढे फिरत राहणार, हे तिला ओळखता येत नाही, कारण इंडिकेटर फार थोडे लोक देतात. शेवटी ती धावते.

चालकांमधला समजूतदारपणा खरा आहे, पण तो एकमेकांना इजा करू शकणाऱ्यांमधला आहे. गाडीवाला गाडीवाल्यासाठी थांबतो, कारण न थांबलं तर आपलाही पत्रा चेपणार. चालत्या माणसासाठी थांबायला असं काही कारण नसतं. तिथे थांबायचं ते फक्त ती माणूस आहे म्हणून. कायदा याही बाबतीत तिच्या बाजूचा आहे. सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हेही त्याच २०१७ च्या नियमांत आहे. पहिला नियम आपण बऱ्यापैकी पाळतो आणि दुसरा असल्याचं आपल्या गावीही नसतं.

ही बाई त्या चौकात आली कशी, हेही पाहिलं पाहिजे. चंदीगढचा सेक्टर साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब. शाळा, बाजार, बाग त्याच्या आत, म्हणजे मुलांना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. हिरव्या पट्ट्यांतून जाणाऱ्या पायवाटा तर खास चालणाऱ्यांसाठी आखल्या. मला ही कल्पना आजही सुंदर वाटते. पण सेक्टरांमधले वेगवान रस्ते गाड्यांसाठी केले आणि चालणारा माणूस बहुधा आपल्याच सेक्टरात राहील असं धरून चालले. एका सेक्टरातून दुसऱ्यात रोज पायी कोण जातं? दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणारी, माळीकाम करणारा, बांधकामावरचा मजूर. बुडैल, धनास, मलोया अशा वस्त्यांतून निघालेली ही माणसं. शहर ५ लाख लोकांसाठी आखलं होतं, २०११ च्या जनगणनेत वस्ती साडेदहा लाखांवर गेली, आणि दरडोई वाहनांत चंदीगढ देशात अगदी वरच्या क्रमांकांत आहे. हा सगळा भार त्या गोल चौकांवर आला आणि तिथे सर्वांत दुबळी बाजू होती ती पायी चालणाऱ्यांची. ज्या जाहीरनाम्यात पुतळे नकोत असं आहे, त्यातच हे शहर माणसाच्या मापानं आखलं आहे असंही म्हटलं आहे.

म्हणून गोल चौक मोडून सिग्नल बसवावेत का? सिग्नलवर त्या बाईला निदान काही सेकंद हक्काचे मिळतात, हे मी कमी लेखणार नाही. म्हाताऱ्या माणसाला ते सेकंद फार मोलाचे असतात. पण लाइट पॉइंटच्या कोपऱ्यांवर डावीकडे वळायला मोकळे स्लिप रोड केलेले असतात. तिथे गाड्या कधी थांबत नाहीत आणि पादचाऱ्यासाठी दिवा नसतो. चौक ओलांडायच्या आधीच तिला एक रस्ता जीव मुठीत धरून पार करावा लागतो. शिवाय सिग्नलवर चुकून धडक बसली तर ती जोरात बसते, गोल चौकात गाडीचा वेग मुळातच उतरलेला असतो. ताशी ३० किलोमीटरनं लागलेला धक्का आणि ५० नं लागलेला धक्का यांत अनेकदा जगण्यामरण्याचा फरक असतो.

मला गोल चौक राहावेत असं वाटतं, पण वेगळे. झेब्रा पट्टे वर्तुळाच्या तोंडाशी नकोत, एका गाडीच्या लांबीइतके मागे हवेत, म्हणजे चालक आधी माणसाकडे पाहील आणि मग फटीकडे. पट्टे फुटपाथच्या उंचीला उचललेले हवेत, गाडीला तिथे हळू व्हावंच लागेल असे. मध्ये थांबायला दुभाजकावर जागा हवी, म्हणजे एका वेळी एकाच दिशेचा विचार करावा लागेल. बाहेर पडायचे रस्ते अरुंद हवेत. यात नवीन तंत्र काही नाही आणि उड्डाणपुलापेक्षा खर्च कितीतरी कमी. हे मुंबईत दादरच्या खोदादाद सर्कललाही लागू आहे आणि माटुंग्याच्या किंग्ज सर्कललाही. दोन्हीकडे गाड्यांना वरून पूल मिळाला, चालणारे खालीच राहिले.

मोठ्या, दोनतीन पदरी गोल चौकांना एवढंही पुरत नाही. डोळस माणूस फट पाहू शकतो. अंध माणूस ऐकून रस्ता ओलांडतो आणि गोल चौकात आवाज कधी थांबत नाही. फिरणारी गाडी आणि बाहेर पडणारी गाडी त्याला सारखीच ऐकू येते. म्हणूनच अमेरिकेत २०२३ मध्ये जाहीर झालेल्या मार्गदर्शक नियमांत अनेकपदरी गोल चौकांवर पादचाऱ्यासाठी बटणाचा सिग्नल, इशारा देणारे दिवे किंवा उचललेला पट्टा यांपैकी काहीतरी असलंच पाहिजे असं म्हटलं आहे. चंदीगढच्या सेक्टर २६ मध्ये अंध विद्यार्थ्यांची एक जुनी संस्था आहे. तिच्या आसपासच्या चौकांपासून प्रशासनाला सुरुवात करता येईल, आणि आराखडा काढण्यापूर्वी तिथल्या मुलांना सोबत घेऊन तो रस्ता एकदा चालून पाहता येईल.