पाहण्याची मुदत

डोळे असणे आणि दिसणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे आपण व्यवहारात धरून चालतो. 'डोळे उघडले' म्हटले की 'दिसू लागले' हे निराळे सांगावे लागत नाही. तत्त्वज्ञांना मात्र ही गोष्ट इतकी सरळ कधी वाटली नाही. आपल्याकडील नैयायिकांनी प्रत्यक्षाचे निर्विकल्पक आणि सविकल्पक असे भेद मानले. आधी नुसतेच काही भासते, आणि मग 'हा घट' असे ज्ञान होते. युरोपात १६८८ साली डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी जॉन लॉक यांस एक प्रश्न लिहून पाठविला. जन्मांध मनुष्य हाताने चाचपून गोळा कोणता आणि घन कोणता हे ओळखतो. उद्या त्याला एकाएकी दृष्टी आली, तर स्पर्श न करता, केवळ पाहून, तो हा भेद सांगू शकेल काय? मॉलिन्यू यांची पत्नी अंध होती, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नामागची तळमळ कळते. दोघांचेही उत्तर 'नाही' असेच होते.

हा वाद पुढे दीर्घकाळ पुस्तकांतून चालला. तो प्रयोगशाळेत गेला तेव्हा त्याचे उत्तर मिळू लागले, पण त्याबरोबर दुसराच एक प्रश्न उभा राहिला, आणि तो ज्ञानाचा नसून नीतीचा होता. प्रस्तुत लेख या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. परंतु पहिल्याची हकिकत थोडी विस्ताराने सांगितल्याखेरीज दुसऱ्याचे वजन कळणार नाही.

डोळ्यांनी टिपलेले दृश्य मेंदूच्या अगदी मागच्या भागात, मानेच्या वर जो कवटीचा उंचवटा हाताला लागतो त्याच्या आतल्या बाजूस, पोहोचते. मेंदूच्या या बाहेरच्या थराला दृष्टि-बाह्यक म्हणता येईल. रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) डोक्याला गोळी लागूनही वाचलेल्या सैनिकांना तपासून तात्सुजी इनोये या जपानी नेत्रवैद्याने मेंदूच्या कोणत्या जागी इजा झाली म्हणजे दृश्याचा कोणता तुकडा नाहीसा होतो याचा नकाशा तयार केला आणि १९०९ साली प्रसिद्ध केला. या नकाशाची गंमत अशी, की नजरेच्या नेमक्या मध्यभागी जे पडते त्याला अवाढव्य जागा मिळते आणि कडेच्या दृश्याला अगदी थोडी. महसूल खात्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला याचे फारसे नवल वाटले नाही. जेथे वस्ती दाट तेथे नकाशा मोठ्या प्रमाणावर काढावा लागतो. माळरान बोटभर जागेत आटोपते.

पण त्या थरातली एकेक पेशी करते काय, हे कळायला १९५८ साल उजाडावे लागले. अमेरिकेत बाल्टिमोर येथे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोन तरुण संशोधक भूल दिलेल्या मांजराच्या मेंदूत केसासारखी बारीक तार घालून एकेका पेशीचा कानोसा घेत होते. पडद्यावर ठिपके दाखवूनही पेशी गप्पच होती. एकदा ठिपक्याची काच यंत्रात सरकविताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली, आणि पेशी तडतडू लागली. तिला ठिपका नको होता, रेघ हवी होती. तीही एका विशिष्ट कलाची. पुढे हार्वर्ड विद्यापीठात या जोडीने हेच काम माकडांवर केले. एका कलाच्या रेघेवर बोलणाऱ्या पेशी उभ्या स्तंभात एकावर एक रचलेल्या असतात, शेजारच्या स्तंभात तो कल किंचित बदललेला असतो, आणि या साऱ्यातून डाव्या व उजव्या डोळ्याचे पट्टे आळीपाळीने, सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदीचे, गेलेले असतात. इतकी नेटकी मांडणी पाहून कोणालाही वाटेल की हे सारे जन्मतःच ठरून आलेले असणार.

ते बरेचसे तसे आहेही. माकडाचा गर्भावधी सुमारे १६५ दिवसांचा. त्यांतील साधारण ४० व्या ते १०० व्या दिवसांच्या दरम्यान या भागातील सर्व चेतापेशी जन्मास येतात, हे पास्को राकिच यांनी १९७४ मध्ये दाखविले. दोन डोळ्यांचे पट्टेही जन्माच्या वेळी मोठ्या अंशी आखलेले असतात. घर बांधून तयार असते. राहायला कोण येते यावर पुढचे अवलंबून.

जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांचा मोतीबिंदू पुढे काढला तरी त्यांना नीट दिसत नाही, हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. डोळा स्वच्छ, तरी दृष्टी नाही. या कोड्याचा माग काढण्यासाठी ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिलांच्या एका डोळ्याच्या पापण्या शिवून टाकल्या आणि दोन-तीन महिन्यांनी टाके उसवले. १९६३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डोळा निरोगी होता, पण मेंदूतील जवळजवळ कोणतीच पेशी त्या डोळ्याला प्रतिसाद देत नव्हती. पूर्ण वाढलेल्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असे काही होत नसे. माकडांच्या पिलांतही तेच आढळले. मिटलेल्या डोळ्याचे पट्टे आकसले आणि उघड्या डोळ्याचे रुंदावले. आणखी एक गोष्ट अशी, की दोन्ही डोळे बंद ठेवले तर दुप्पट हानी व्हावी, तशी ती झाली नाही. म्हणजे न वापरण्याने जितके बिघडते त्याहून अधिक शेजाऱ्याने जागा बळकावल्याने बिघडते. एक भाऊ परगावी राहिला आणि दुसऱ्याने त्याच्या वाट्याची जमीन कसायला घेतली, असाच हा प्रकार. वहिवाटीने हक्क उत्पन्न होतो. योगायोग असा, की आपला मुदतीचा कायदाही १९६३ चाच. फरक एवढाच, की त्या कायद्यात सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ करण्याची तरतूद आहे.

(तीन-चार पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्या घरांना येथे नातवंडांची भाषा आठवल्यावाचून राहणार नाही. पण हा दाखला फार ताणू नये. मराठी चाळिशीतही शिकता येते; बंद राहिलेल्या डोळ्याचे तसे नाही.)

या ज्ञानाने व्यवहार बदलला. एका डोळ्यात जन्मजात मोतीबिंदू असेल तर सहा आठवड्यांच्या आत आणि दोन्हींत असेल तर आठ आठवड्यांच्या आसपास शस्त्रक्रिया व्हावी, असे आता मानतात. तिरळेपणामुळे किंवा नंबरातील फरकामुळे मागे पडलेल्या डोळ्याला जाग यावी म्हणून मुलाच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्याचा जुना उपाय का लागू पडतो आणि तो लहानपणीच का करावा, हेही स्पष्ट झाले. शंभरांत दोन-तीन मुलांना हा दोष असतो. ह्यूबेल आणि वीझेल यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक रॉजर स्पेरी यांच्यासमवेत मिळाले, ते यथायोग्यच म्हटले पाहिजे.

आता तो दुसरा प्रश्न. कोणतेही पिलू आपण होऊन डोळा शिवून घ्यायला आले नव्हते. मग हे ज्ञान आपण कोणत्या अधिकाराने मिळविले?

याचे नेहमीचे उत्तर हिशेबाचे असते: काही पिलांचे डोळे गेले, पण असंख्य मुलांचे वाचले. हिशेब खोटा नाही. तरी मला तो अपुरा वाटतो. कारण ज्याच्या खात्यात नुकसान लिहिले त्याच्या खात्यात जमा कधीच होत नाही. शिवाय यात एक पेच आहे, आणि तो माकडाच्या बाबतीत सर्वाधिक टोचतो. बेडूक किंवा उंदीर सोडून माकडच का घ्यावे लागते? त्याचा मेंदू आपल्या मेंदूसारखा आहे म्हणून. तेच स्तंभ, तेच पट्टे, समोर पाहणारे तसेच दोन डोळे. म्हणजे साम्य जितके अधिक तितका पुरावा भक्कम. आणि साम्य जितके अधिक तितका आपला त्याच्यावरील अधिकार क्षीण. ज्या कारणासाठी माकड उपयोगी, त्याच कारणासाठी ते वर्ज्य ठरते. युक्तिवाद करून हा पेच सुटेल असे मला वाटत नाही.

आपण भारतीयांनी यात फार सोवळे राहण्याचेही कारण नाही. प्रयोगशाळांत सर्वांत अधिक वापरले गेलेले ऱ्हीसस माकड म्हणजे आपल्या उत्तरेकडील देवळांच्या कळसांवर बसणारे तांबड्या तोंडाचे माकड. पोलिओच्या लशीसाठी आणि इतर संशोधनासाठी ती हजारोंनी पिंजऱ्यांत घालून परदेशी पाठविली गेली. १९७८ साली ही निर्यात बंद झाली. तोवर शनिवारी मारुतीला तेल वाहणाऱ्या देशाच्याच कागदांवर त्यांच्या रवानगीचे शिक्के उमटत होते.

म्हणून मी या प्रयोगांना सरसकट क्रौर्य म्हणणार नाही आणि सरसकट माफीही देणार नाही. १९६३ च्या प्रयोगामागे आजारी मुलांचे खरेखुरे कोडे होते आणि ते अन्य मार्गाने उलगडत नव्हते. २०१७ साली हार्वर्डहूनच आणखी एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माकडाची पिले जन्मापासून एकही चेहरा न दाखवता वाढविली. सांभाळणारी माणसे वेल्डिंग करणाऱ्यांसारखा मुखवटा घालून त्यांना दूध पाजीत. चेहरे ओळखणारे मेंदूतील भाग या पिलांत तयार झालेच नाहीत, आणि चित्रे दाखविली असता ती चेहऱ्यांऐवजी हातांकडे पाहत राहिली. ज्या हातांनी त्यांना भरवले ते हात. निष्कर्ष महत्त्वाचा आहे, हे मी नाकारीत नाही. पण अनुभवावाचून मेंदू घडत नाही हे तत्त्व तोवर अर्धशतकाहून जुने झाले होते. त्याचा आणखी एक दाखला मिळविण्यासाठी आईचे तोंड हिरावून घेणे मला मान्य होत नाही. मेंदूच्या विकासातील विकार समजण्यास याची मदत होईल असे संशोधकांचे म्हणणे आहे. तेवढ्या संभाव्यतेवर एवढी किंमत मी तरी मंजूर केली नसती.

मात्र झालेल्या गोष्टीचे काय? येथे मला नफातोट्याच्या हिशेबापेक्षा आपल्या परंपरेतील ऋणाची कल्पना अधिक कामाची वाटते. ऋषिऋण ऋषीला परत करता येत नाही. ते अध्ययन करून आणि पुढच्याला देऊन फिटते. भूतयज्ञातही आपण ज्याचे देणे लागतो त्या नेमक्या प्राण्याला शोधीत जात नाही. गोग्रास काढतो, कावळ्याला घास ठेवतो. त्या मांजरांना आणि माकडांना आता काहीही देता येणार नाही. त्यांच्याकडून जे शिकलो ते ज्या मुलासाठी शिकलो त्याच्यापर्यंत मुदतीत पोहोचविणे, एवढीच परतफेड उरते. हे खरे असेल, तर मुदत कळल्यानंतर झालेला विलंब हा केवळ कार्यालयीन दोष राहत नाही. सहा आठवड्यांचे महत्त्व ठाऊक असताना एखादे मूल सहा वर्षे तसेच राहिले, तर त्या मुलाचे नुकसान होतेच, आणि ते पिलूही विनाकारण आंधळे केले असे होते.

नोकरीच्या काळात तहसील पातळीवरील अनेक नेत्रशिबिरांची व्यवस्था माझ्याकडे असे. म्हाताऱ्या माणसांना बैलगाडीत, ट्रॅक्टरवर घालून आणीत. जन्मापासून न दिसणारी मुले मात्र क्वचितच येत. ज्याचे गेले त्याला ते परत हवे असते, ज्याला कधी मिळालेच नाही त्याच्याविषयी घरचेही निवांत असतात. एकदा आजीच्या सोबतीला आलेली नऊ-दहा वर्षांची एक मुलगी डॉक्टरांच्या सहज नजरेस पडली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जन्मापासूनचा. आजीला विचारले तर म्हणाल्या, "हिचे तसेच आहे, माझे बघा."

अशा मुलांविषयी पूर्वी 'आता उपयोग नाही' असे म्हणत. ते पूर्ण खरे नाही, हे अलीकडच्या कामाने दाखविले, आणि मॉलिन्यू यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच मिळाले. अमेरिकेतील एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' या प्रकल्पात उत्तर भारतातील अशा मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील ८ ते १७ वयाच्या पाच मुलांना डोळ्यांची पट्टी निघताच ठोकळे देऊन तपासले. पाहिलेला ठोकळा पाहून ओळखता आला, चाचपलेला चाचपून; पण चाचपलेला पाहून ओळखताना ती जवळजवळ अंदाजावरच राहिली. लॉक यांचे 'नाही' बरोबर ठरले. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. पुढची गोष्ट मात्र लॉक यांच्या पुस्तकात नव्हती. ज्यांना पुन्हा तपासले, त्यांना थोड्याच दिवसांत हा मेळ घालता येऊ लागला होता. नजरेची धार पुरती येत नाही, पण मेंदू दार अगदी लावूनही घेत नाही. या प्रयोगात कोणाचा डोळा शिवावा लागला नाही, उलट उघडावा लागला, याचे मला विशेष वाटते.

तरी उशिरा थोडे मिळते म्हणून वेळेवर सारे देण्याचे टाळता येत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश झालेला आहे, आणि आशा कार्यकर्तीने नवजात बालकाची घरी जाऊन तपासणी करण्याची मुदत सहा आठवड्यांपर्यंतच आहे. बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरे दिसते काय, हे पाहायला विजेरी आणि एखादे मिनिट लागते. अशा कामाच्या मासिक तक्त्यांत तपासलेली बालके किती आणि पुढे पाठविलेली किती, असे रकाने असावे लागतात. पाठविल्याच्या दिवसापासून शस्त्रक्रियेच्या दिवसापर्यंत किती दिवस गेले, हा रकाना त्यांना जोडून ठेवावा, आणि दर महिन्याला जिल्ह्याच्या बैठकीत तो सर्वांत आधी वाचावा.