गुरू भेटतात ते वाटेवर

श्रीगणेशाय नमः। श्रीसरस्वत्यै नमः। श्रीगुरुभ्यो नमः।

दत्तभक्त सज्जनहो, मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या घराघरांत गुरुचरित्राची पोथी बासनातून बाहेर निघते. पाट मांडला जातो, समई लागते, सात दिवस घराचं रूपच पालटतं. तुमच्यापैकी कित्येकांची दहा-वीस पारायणं झालेली असतील. तरीही अगदी सुरुवातीचीच एक गोष्ट आपल्या नजरेतून निसटते, असं मला पोथी वाचताना पुष्कळदा वाटतं. आज तेवढीच तुमच्यापुढं मांडायची आहे.

पोथी सुरू कशी होते? नामधारक नावाचा एक भक्त आहे. दुःखानं पिचलेला. तो घर सोडून गाणगापूरच्या वाटेला लागला आहे. तहानभुकेची शुद्ध नाही. चालता चालता तो गुरूंची स्तुती करतो, पण नुसती स्तुतीच करत नाही, तक्रारही करतो. चांगली खणखणीत तक्रार! तो म्हणतो, तुम्हाला दीनांचे कैवारी म्हणतात, मग माझी हाक तुमच्या कानी कशी जात नाही? आधी सेवा घ्यायची आणि मग द्यायचं, ही तर साध्या माणसाची रीत झाली, याला दातेपण कोण म्हणेल? मेघ तळीविहिरी भरतो, तो कुणाकडून आधी काय घेतो?

बघा, साक्षात गुरूंशी भांडतोय. आणि गुरूंना त्याचा राग आला का? नाही आला. थकून वाटेतच त्याचा डोळा लागला, तेव्हा स्वप्नात दर्शन देऊन त्यांनी त्याला धीर दिला. जागा झाल्यावर तो पुन्हा चालू लागला आणि पुढं वाटेत त्याला सिद्धयोगी भेटले. त्यांनीच त्याला गुरुचरित्र सांगितलं. आपण जी पोथी वाचतो ती त्या दोघांच्या संवादातून आली.

आता माझा प्रश्न असा, की नामधारकानं हीच तक्रार घरी ओट्यावर बसून केली असती तर? शब्द तेच, डोळ्यांतलं पाणीही तेच. पण सिद्ध कुठं भेटले? वाटेवर. ओट्यावर बसलेल्या नामधारकाची पोथी झाली नसती.

म्हणून सांगतो मंडळी, गाऱ्हाणं करणं हे पाप नाही. देवापाशी नाही बोलायचं तर कुणापाशी बोलायचं? पण गाऱ्हाण्याचे दोन प्रकार आहेत. एक बसल्या जागेचं आणि एक चालत्या पावलांचं. बसल्या जागेचं गाऱ्हाणं रोज तेच असतं, त्याला वय वाढलं तरी अक्कल येत नाही. चालणाऱ्याचं गाऱ्हाणं मात्र कोसाकोसाला बदलतं, कारण वाट बदलते, माणसं भेटतात, काहीतरी नवं कळतं.

आपल्या घरांत डोकावून पाहा. वडील जाऊन सहा वर्षं झाली, सातबाऱ्यावर वारसनोंद नाही. का, तर तलाठी भेटत नाही. आपण किती वेळा गेलो होतो? एकदा, तेही बाजाराच्या दिवशी, जाता जाता. गुडघा दुखतो, डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलंय. थंडी संपू दे, मग पाऊस उघडू दे, मग ऊन कमी होऊ दे. सेवानिवृत्त झालो की पारायण करीन म्हणणारे निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पोथीवरचं बासन अजून सुटलेलं नाही. आणि मुलाचा फोन येत नाही, हे दुःख तर घरोघरी. अहो, फोन आपल्याही हातात आहे की! आणि या सगळ्यावर पांघरूण कशाचं? तर, “महाराजांची इच्छा असेल तेव्हा होईल.” असेल हरी तर देईल खाटल्यावरी!

महाराजांची इच्छा काय होती हे कळायला आपण जरा कृष्णाकाठी जाऊ. नृसिंहवाडीसमोर, नदीपलीकडच्या अमरापुरात एक गरीब ब्राह्मण राहत होता. भिक्षेवर संसार. ज्या दिवशी पुरेसं मिळत नसे त्या दिवशी दारातल्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगांवर घर जेवायचं. एके दिवशी श्रीगुरू नृसिंहसरस्वती त्याच्याकडं भिक्षेला आले. घरात धान्य नव्हतं. शेंगांची भाजी केली, ती वाढली. श्रीगुरू तृप्त झाले, तुझं दैन्य गेलं म्हणाले आणि निघताना दारातला तो वेलच उपटून टाकून गेले.

घरात रडारड झाली. साहजिकच आहे. एकुलता आधार, तोही अतिथीनं तोडला. घरच्या बाईनं यतीला बोल लावला. तिला मी नावं ठेवणार नाही, चूल तिची होती. ब्राह्मणानं तिची समजूत घातली, यतीची निंदा करू नको म्हणाला. आणि मग? इथं नीट लक्ष द्या. समजूत घालून तो कपाळाला हात लावून बसला नाही. वेल तर गेलाच, आता दार तरी साफ करू म्हणून तो उठला आणि वेलाचं मूळ खणू लागला. त्या मुळाशी धनानं भरलेला कुंभ लागला.

आपण ही कथा चमत्काराची म्हणून ऐकतो आणि हात जोडतो. हात जोडावेतच. पण कुंभ जमिनीत होता आणि श्रीगुरूंनी उपटला होता तो फक्त वेल. खणायचं काम त्यांनी त्या ब्राह्मणासाठी शिल्लक ठेवलं. तो धनाच्या आशेनं खणत नव्हता, हेही विसरू नका. समोर पडलेलं, कंटाळवाणं, जरासं जिवावर आलेलं काम तो करत होता. वेलाकडं बघत नुसता रडत बसला असता, तर कुंभ तिथंच राहिला असता आणि घर उपाशी. आपल्याही आयुष्यात वेल उपटले जातात. नोकरी जाते, जोडीदार जातो, शरीर साथ देत नाही. त्याच्या मुळाशी सोनंच असेल असं मी म्हणणार नाही, तशी हमी पोथीही देत नाही. पण मूळ खणायला उठणं एवढं तरी आपल्या हातात राहतं.

वाडीत पुरोहितांना दर पावसाळ्यात हेच करताना तुम्ही पाहिलं असेल. कृष्णेचं पाणी चढतं, पादुकांवरून वाहतं, दक्षिणद्वार होतं, लोक स्नानाला लोटतात. पाणी आणखी वाढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात आणि नित्याची पूजा तिथं चालू राहते. 2019 च्या महापुरानंतर त्या भागात घरोघरी गाळ होता. पाणी ओसरल्यावर आधी हातात झाडू आणि फावडी आली, हिशेब आणि हळहळ नंतर. नदीवर कुणी रुसत नाही. तिलाच संध्याकाळी दिवा सोडायचा असतो.

इथं एक अभ्यासू वाचक मला नक्की अडवणार. म्हणणार, बुवा, अवधूतांनी चोवीस गुरू केले, त्यांत अजगरही आहे. तो जागचा हलत नाही, समोर येईल ते खातो, नाही आलं तर पडून राहतो. मग आम्ही पडून राहिलो तर काय चुकलं?

प्रश्न रास्त आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला अवधूतांनी हे सांगितलं आणि नाथमहाराजांनी त्यावर विस्तारानं मराठी टीका लिहिली. पण अजगराचा तो धडा आहे हाव सोडलेल्या अवधूताचा. त्याला घर नाही, शेत नाही, मुलीचं लग्न नाही. शिवाय अजगर पडून असतो, पण कुरकुरत नाही. आपण पडूनही राहतो आणि कुरकुरतोही! अजगराला गुरू करायचं तर पुरता करा, अर्धा करू नका.

त्याच चोवीसांत पिंगला आहे. विदेहनगरीतली ती गणिका. कुणीतरी येईल, भरपूर धन देईल म्हणून सजून दारात उभी राहिली. आत जाते, बाहेर येते, पुन्हा आत जाते. मध्यरात्र झाली तरी कुणी नाही. शेवटी तिलाच आपल्या या वाट पाहण्याचा वीट आला. दुसऱ्याच्या येण्यावर टांगलेली आशा तिनं सोडली, अंतरातल्या देवाकडं वळली आणि शांत झोपली. मंडळी, उंबरठ्यावर आत-बाहेर करण्यात आपल्याही किती रात्री गेल्या असतील? तो येईल, तो आधी बोलेल, तो चूक कबूल करील, मग मी पाहीन.

आमच्या मंदिरात दर गुरुवारी आरतीला येणारे एक गृहस्थ आहेत. वय सत्तरीच्या पुढं. धाकट्या भावाशी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं, ते चौदा वर्षं अबोला. एकदा प्रवचनानंतर थांबले, म्हणाले, “रोज महाराजांना सांगतो, त्याला सुबुद्धी द्या. महाराज ऐकत नाहीत.” मी विचारलं, “भावाचं घर किती लांब?” म्हणाले, “मधे एक बोळ आहे.” मी म्हटलं, “काका, नामधारक गाणगापूरपर्यंत चालला. तुम्हाला बोळच ओलांडायचाय.” ते काही बोलले नाहीत. काठी घेऊन निघून गेले. मला वाटलं, दुखावले बहुतेक.

तीन गुरुवार गेले. चौथ्या गुरुवारी आरतीचा प्रसाद द्रोणात घेऊन ते भावाच्या दारात गेले. भावानं प्रसाद घेतला, डोळ्यांना लावला. वहिनींनी पाणी आणलं. विहिरीचा विषय कुणीच काढला नाही आणि तो वाद पुढंही सुटला नाही. पण जाणं-येणं सुरू झालं. पुढच्या वर्षी भाऊ दुखण्यानं अंथरुणाला खिळला, तेव्हा हे थोरले रोज उशाशी बसत. भाऊ गेला. दिवस झाल्यावर ते मंदिरात आले आणि मला एवढंच म्हणाले, “तीन गुरुवार उगाच घालवले हो. पण गेलो, हे बरं झालं.”

चौदा वर्षांचं नव्हे, तीन गुरुवारांचं त्यांना वाईट वाटलं. करायचं काय हे कळल्यानंतरचे दिवस माणसाला जास्त लागतात.

आता शेवटचं. पारायणाला बसताना आपण संकल्प सोडतो. त्याचे शब्द नीट ऐकले आहेत का? संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार सांगतो. स्थळ सांगतो. आपलं गोत्र, आपलं नाव सांगतो. आणि शेवटी म्हणतो, “करिष्ये.” म्हणजे, मी करीन. “व्हावं” असं नाही म्हणत, “कुणीतरी करावं” असंही नाही. दिवस ठरलेला, जागा ठरलेली, करणारा ठरलेला. मग पळीभर पाणी ताम्हणात सोडतो. करणं माझं, फळ तुमचं, असं महाराजांना सांगून मोकळं होतो. गाऱ्हाण्याला ना तिथी असते, ना कर्ता. म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

यंदाच्या जयंतीला पारायणाच्या संकल्पाबरोबर आणखी एक लहानसा संकल्प सोडा. एकच. वारसनोंदीचा असेल, मृत्युपत्राचा असेल, रोज मंदिरापर्यंत पायी येण्याचा असेल, कुणाच्या तरी दारात जाण्याचा असेल. तिथी सांगा, स्थळ सांगा, आपलं नाव सांगा. आणि पौर्णिमेच्या संध्याकाळी जन्माचा पाळणा झाला, सुंठवडा हातावर पडला, की दुसऱ्या दिवशी सकाळी पायांत चपला घाला. गाऱ्हाणं सोबत असलं तरी चालेल. वाटेवर ते ऐकणारा भेटतो, असं पोथीच सांगते.

श्रीगुरू सर्वांच्या पायांत बळ देवोत, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!