लिहायला जागा

बीडहून धाराशिवकडं निघालं की मांजरसुंब्याच्या पुढं चौसाळा लागतं. गाव मोठं, रस्त्यावरचं. या गावात एकदा दसऱ्याच्या मुहूर्तावर पुस्तकांचं दुकान निघालं.

दुकान एका ताईंचं होतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात त्यांनी दुसऱ्याच्या दुकानात बरीच वर्षं पुस्तकं बांधली, विकली, हिशेब ठेवले आणि मग त्या गावाकडं परत आल्या. एसटी स्टँडजवळ त्यांनी एक गाळा भाड्यानं घेतला. पुढच्या बाजूला वह्या, गाईडं, पोलीस भरती आणि तलाठी भरतीची पुस्तकं लावली, कारण दुकान चालायचं ते त्यांच्यावर. मागच्या भिंतीला हरिपाठ, ज्ञानेश्वरी, कथा, कादंबऱ्या, कविता लावल्या, कारण दुकान काढलं होतं ते त्यांच्यासाठी.

दुकान उघडलं त्याच दिवसांत आसपासच्या वस्त्या आणि वाड्या रिकाम्या होऊ लागल्या. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. मुकादमाची उचल घेतलेली माणसं भांडीकुंडी, अंथरुणं, कोयते घेऊन ट्रॉल्यांत बसली आणि सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाकडं गेली. काहींनी लेकरं बरोबर नेली. काहींनी शाळा बुडू नये म्हणून आजीपाशी ठेवली. दर साली असंच होत आलं होतं.

गावात लिहिणारे तिघं होते. एक निवृत्त गुरुजी, ते कविता करायचे. दुसरे अण्णा, त्यांना या भागाचा इतिहास लिहायचा होता. तिसरा एक तरुण. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता कथा लिहायला बघायचा. तिघं रोज संध्याकाळी स्टँडवरच्या हॉटेलात चहाला जमायचे आणि लिहिण्याबद्दल बोलायचे. पण हॉटेलात लिहिणं जमत नव्हतं. कपबश्यांचा आवाज, गिऱ्हाइकांची ये-जा. घरी गुरुजींची नातवंडं होती, अण्णांच्या घरी टीव्ही होता, आणि तरुणाला तर घरी वेगळी खोलीच नव्हती. म्हणून दुकान निघाल्याचं कळताच तिघांच्या मनात एकच गोष्ट आली. तिथं बसून लिहिता येईल का?

त्यावर त्यांनी बरेच दिवस विचार केला. अण्णा म्हणाले, आपल्या जिल्ह्यात लिहिण्याला कधी तोटा नव्हता. अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांनी पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, ग्रंथ लिहिला. ती पासोडी सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे, आणि अजून तिथं जपलेली आहे. गुरुजी म्हणाले, १९९८ साली परळीला साहित्य संमेलन झालं, द. मा. मिरासदार अध्यक्ष होते, मी मांडवात बसून ऐकलं आणि ठरवलं की आपलंही पुस्तक व्हायचं. तरुणानं पॅरिसमधल्या एका दुकानाची गोष्ट सांगितली. १९५१ साली निघालेल्या त्या दुकानात लिहिणाऱ्यांना पुस्तकांच्या मधोमध झोपायलासुद्धा जागा देतात. भाडं घेत नाहीत. दुकानात थोडं काम करायचं, रोज पुस्तक वाचायचं आणि जाताना स्वतःच्या आयुष्याबद्दल एक पान लिहून द्यायचं, एवढंच.

शेवटी तिघं ताईंकडं गेले.

"बसा की," ताई म्हणाल्या. "जागा हाय. पॅरिसचं ते मला आवडलं. भाडं मीबी घेणार नाही. ज्यानं त्यानं आपल्या आयुष्याचं एक पान मला लिहून द्यावं. सवडीनं द्या."

तिघांनी आनंदानं कबूल केलं. एक पान म्हणजे काहीच नव्हतं.

ताईंनी दाराजवळ टेबल टाकलं आणि तीन खुर्च्या मांडल्या. आठ दिवस गेले. रस्त्यावरचे हॉर्न फार ऐकू येतात, अण्णा म्हणाले. ताईंनी टेबल आत, मागच्या भिंतीशी नेलं. तिथं गुरुजींना उजेड कमी पडू लागला. ताईंनी वर ट्यूब लावून घेतली. मग गिऱ्हाइकं गाईडं मागायची तेव्हा तरुणाची तंद्री मोडू लागली. ताईंनी पुस्तकांचं एक कपाट आडवं लावून आडोसा केला. तिघं त्या आडोशाला बसायचे, वह्या उघडायचे, आणि थोड्या वेळानं बोलायला लागायचे. बोलणं चांगलं असायचं. कवितेत यमक असावं का, इतिहास कुठून सुरू करावा, कथेचा शेवट आधी ठरवावा का. ताई काउंटरवर बसून ऐकायच्या. त्यांनी पानाची आठवण कधी करून दिली नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली. एक दिवस सहावीतली एक मुलगी दुकानात आली. दोनशे पानी वहीची किंमत विचारली, मुठीतले पैसे मोजले आणि परत निघाली.

"किती कमी पडतात?" ताईंनी विचारलं.

मुलगी काही बोलली नाही. ताईंनी काउंटरखाली हात घातला. पुण्याहून पुस्तकांचे गठ्ठे यायचे तो खाकी कागद त्या टाकून देत नसत, घडी घालून ठेवत. त्यांनी तो कापला, दाभणानं शिवला आणि वही करून मुलीच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुलगी पुन्हा आली. दाराशी, न फोडलेल्या गठ्ठ्यावर टेकली आणि लिहू लागली. तिच्या घरी एकच खोली होती. त्यात आजी, दोन लहान भावंडं, शेळी आणि चूल. संध्याकाळी लाईट जायची. दुकानात इन्व्हर्टर होता. ती रोज येऊ लागली. गिऱ्हाईक आलं की उठायची, पुस्तक काढून द्यायची आणि परत बसायची. बाहेरून ट्रक जायचे, हॉर्न वाजायचे. ती मान वर करत नसे. एक वही भरली, ताईंनी दुसरी शिवली.

एकदा पौषात फार थंडी होती. गुरुजी हात चोळत दाराशी आले आणि उभे राहून तिच्याकडं बघू लागले.

"काय लिहायलीस गं? अभ्यास का?"

"नाही गुरुजी. मायला लिहायलेय."

"पत्र?"

"पत्र नाही. माय फडात हाय. तिला वाचता येत नाही. फोनवर बोलायला तिला येळ नसतो. ती आली की सगळं वाचून दाखवायचं, म्हणून लिहायलेय."

अण्णा आणि तरुण आडोशातून बाहेर आले. गुरुजी म्हणाले, वाच बरं थोडं. मुलगी लाजली. ताई म्हणाल्या, वाच की, आपलीच माणसं हायत. मग तिनं वाचलं.

"माय, आज शेळी व्याली. दोन पाटी झाल्या. एक तांबडी, एक काळी. काळीला दूध ओढता येईना. मी तिला बोट चोखायला दिलं, मग ती शिकली.

माय, बारक्याचा पुढचा दात पडला. तो म्हणाला हा मायला द्यायचाय. काडीपेटीत ठेवलाय. रोज उघडून बघतो.

माय, तुझा फोन आला तेव्हा तू विचारलंस, जेवलीस का. मी हो म्हणाले. जेवले नव्हते. आजीला ताप होता आणि चूल पेटली नव्हती. तुला सांगितलं असतं तर तू निघाली असतीस, तुझा खाडा पडला असता, मुकादम बोलला असता. म्हणून खोटं बोलले. आता आजी बरी हाय, म्हणून खरं लिहिते."

दुकानात भरतीचं पुस्तक घ्यायला आलेली दोन मुलं होती. तीही थांबली होती. मुलीनं वही मिटली.

"तुला इथं आवाजाचा त्रास होत नाही?" अण्णांनी विचारलं.

"कसला आवाज?" मुलगी म्हणाली. "एखादी गोष्ट मायला सांगायची राहून जाईल, त्याचंच भ्या वाटतं."

त्या संध्याकाळी तिघं नेहमीसारखं बोलले नाहीत. ताईंनी मात्र त्यांना फलटणच्या बेबीताई कांबळ्यांबद्दल सांगितलं. बेबीताईंचं किराणाचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या गल्ल्यावर बसून वाचायच्या, आणि लिहायच्या त्याही तिथंच. लिहिलेलं कित्येक वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. त्या कागदांचं 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली निघालं. आपल्या समाजानं काय सोसलं ते पुढच्या पिढीला कळावं, ही त्यांची ओढ होती. ताईंनी मागच्या भिंतीवरून ते पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. गुरुजींनी ते विकत घेतलं. दुकान निघाल्यापासून तिघांपैकी कुणी विकत घेतलेलं ते पहिलं पुस्तक होतं.

रात्री गुरुजींना झोप लागली नाही. त्यांना चौथीच्या वर्गातला एक मुलगा आठवला. दिवाळीनंतर तो आईबापाबरोबर उसाला गेला आणि पुन्हा शाळेत आलाच नाही. गुरुजी वर्ष संपेपर्यंत हजेरीत त्याचं नाव घेत राहिले होते, वर्गातली पोरं हसायची तरी घेत राहिले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी दिवा लावला. कवितेची वही बाजूला सारली आणि त्या मुलाला उद्देशून लिहायला बसले. नातू शेजारी घोरत होता. पान केव्हा भरलं ते त्यांना कळलं नाही. सकाळी त्यांनी ते ताईंना नेऊन दिलं. "भाडं," ते म्हणाले.

तरुणाचं पान महिन्याभरानं आलं. वडिलांनी क्लासची फी भरायला बैल विकला होता आणि त्याबद्दल घरात दोघंही एकमेकांशी बोलले नव्हते. पान त्याच्यावर होतं, वडिलांसाठी होतं. अण्णांचं पान काही झालं नाही. पण ते आता रोज त्या मुलीशेजारी गठ्ठ्यावर बसून तिला जुन्या गोष्टी सांगू लागले आणि ती "मग?" म्हणाली की पुढचं टिपून घेऊ लागले.

जागा लागते, यात खोटं काही नाही. त्या मुलीच्या खोलीत लाईट असती, पाय पसरायला कोपरा असता, तर तिला दुकानाच्या दाराशी बसावं लागलं नसतं. आणि ताईंनी तो गठ्ठा, ती ट्यूब, तो खाकी कागद दिला नसता, तर तिची वही झालीच नसती. पण तीच ट्यूब आणि तेच छप्पर त्या तिघांनाही मिळालं होतं, आणि त्यांची पानं कोरी होती. मुलीला ऐकणारं माणूस ठाऊक होतं. ते दूर होतं, दमलेलं होतं, अक्षरओळख नसलेलं होतं, तरी ते येणार होतं. तिघांना ते माणूस आठवेपर्यंत टेबल कुठंही सरकवलं असतं तरी उपयोग नव्हता.

पाडव्याच्या सुमाराला कारखान्यांचा पट्टा पडला. टोळ्या परतू लागल्या. मुलीची आई ज्या दिवशी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगी तिला हात धरून दुकानात घेऊन आली. बरोबर टोळीतल्या आणखी दोन बायका होत्या. आईनं चपला पायरीखाली काढल्या. गुरुजींनी खुर्ची पुढं केली, पण ती खाली फरशीवर बसली, आणि बाकीच्या दोघीही तिच्याशेजारी बसल्या.

मुलगी वाचत गेली. शेळीचं आलं तेव्हा आई हसली. दाताचं आलं तेव्हा म्हणाली, "दिला मला काल, काडीपेटीसकट." तापाचं आलं तेव्हा मुलगी अडखळली.

"वाच," आई म्हणाली. "मला कळलं व्हतं त्याच दिवशी. तुझा आवाज तसा नव्हता. रातभर डोळा लागला नाही. पर मीबी तुला काय म्हणले नाही."

वाचून संपलं. आईनं वही हातात घेतली, खाकी पानांवरून बोटं फिरवली आणि परत दिली.

"आता माझं लिही. मीबी तुला समदं सांगितलं नाही."

मुलीनं ताईंकडं बघितलं. खाकी कागद संपला होता. तरुण आडोशाला गेला आणि त्यानं कथेसाठी आणलेली जाड वही आणून तिच्यापुढं ठेवली. पहिली काही पानं फाडलेली होती, बाकी कोरीच होती.

"कुठून सांगू?" आईनं विचारलं.

"ट्रॉली निघाली तिथून सांग."

आई सांगू लागली. वाटेत बसलेली थंडी, कोपीत शिरलेलं पावसाचं पाणी, पहाटे तीनला मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढणं. मुलगी मधेच थांबवायची, विचारायची, परत लिहायची. शेजारची एक बाई बराच वेळ ऐकत होती. मग ती गुरुजींकडं वळली.

"गुरुजी, माझंबी कुणी लिहील का?"

गुरुजी खुर्चीवरून उठून खाली बसले. खिशातून पेन काढलं आणि अण्णांकडून कागद मागून घेतला.

"कुणाला सांगायचंय?" त्यांनी विचारलं.

"लेकीला. गेवराईकडं दिलीय."

गुरुजींनी कागदाच्या वरच्या बाजूला लेकीचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "हं, सांगा."