काचेवरचा लेप

१० डिसेंबर १८८१ या दिवशी भक्त सुरेंद्रनाथ मित्र रामकृष्ण परमहंसांना कलकत्त्याच्या राधाबाजारातल्या ‘बेंगॉल फोटोग्राफर्स’ या स्टुडिओत घेऊन गेले. खांबावर हात टेकून उभे असलेले परमहंस आपण ज्या फोटोत पाहतो, तो तिथला. छबी काढून घेण्यापेक्षा ती निघते कशी, याचं त्यांना कुतूहल होतं. त्यांना ते समजावून सांगितलं गेलं. मग त्याच दिवशी, ब्राह्मसमाजाचे नेते केशवचंद्र सेन आणि इतर मंडळी जमली असताना, त्यांनी त्यावरून एक दृष्टांत दिला. कोऱ्या काचेवर छबी राहत नाही, रसायनाचा लेप दिलेल्या काचेवर राहते. हरिकथेचंही तसंच आहे. ती नुसती कानावर पडून भागत नाही, आत भक्तीचा लेप असावा लागतो.

हा दृष्टांत मला वडिलांनी सांगितला. ते बेळगावात एका स्टुडिओत रिटचिंग करायचे. वकील, डॉक्टर, इनामदार, नाटक मंडळीतले नट अशा नामांकित लोकांच्या काचेच्या निगेटिव्हवर भिंगातून बघत, टोकदार पेन्सिलीनं देवीचे व्रण आणि डोळ्यांखालच्या सुरकुत्या भरायचे. प्लेटा धुवायचं काम माझ्याकडे होतं. परकर-पोलक्यातल्या वयापासून मी ते केलं, म्हणून परमहंसांच्या दृष्टांतातली काच माझ्या हातातली आहे. त्या काचेशी पुढे काय काय होतं, हे ठाऊक असल्यामुळे हा दृष्टांत मला इथेच थांबवता येत नाही.

प्रश्न जुनाच आहे. श्रवण पुरतं का? आपल्याकडे सप्ताह होतात, पारायणं होतात, माणसं सात-सात दिवस मांडी घालून ऐकतात आणि आठव्या दिवशी बांधाच्या भांडणासाठी कोर्टाची पायरी चढतात. त्यांचं ऐकणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. डोळ्यांतून पाणी येताना मी त्यांना पाहिलं आहे, माझ्याही डोळ्यांत आलं आहे. लेप होता, प्रकाशही पडला होता. मग छबी गेली कुठे?

लेपाचं आधी सांगते. फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं १८५१ साली कोलोडियनची रीत जाहीर केली. काचेवर तो चिकट द्रव ओतायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. वाळली की संपलं. सिल्व्हर नायट्रेटनं त्या कारागिरांची बोटं काळी पडत. पुढे जिलेटिनची कोरडी प्लेट आली, डब्यातून विकत मिळू लागली. वडिलांच्या हाताखाली मी पाहिली ती हीच. तिचा लेप साईसारखा पांढरट असायचा आणि ती लाल दिव्यातच उघडायची.

कॅमेऱ्यातून काढलेल्या अशा प्लेटवर काहीही दिसत नाही. समोर बसलेल्या माणसाचा प्रकाश तिच्यावर पडून गेलेला असतो, चांदीच्या क्षारात फरक झालेला असतो, पण डोळ्यांना ती आधी होती तशीच कोरी दिसते. ती कित्येक दिवस अंधारात ठेवली तरी आतलं जात नाही. पतंजलींनी ज्याला संस्कार म्हटलं, तो कळायला मला याहून सोपी जागा सापडली नाही. अनुभव घडून गेला, वर काही खूण नाही, आणि तरी तो आत आहे. मग डेव्हलपरच्या ताटलीत काच हलवत राहिलं की प्रकाश जिथे पडला तिथे काळं उमटू लागतं. कपाळ, शर्टाची कॉलर, मग हात.

इथवर सगळे येतात. ऐकताना डोळे भरून येतात ते हेच. चित्र उमटलं, काम झालं असं वाटतं. परंतु त्या क्षणी प्लेट बाहेर उजेडात आणली तर चित्र टिकत नाही. प्रकाश जिथे पडला नव्हता तिथला क्षार अजून लेपात शिल्लक असतो आणि तो तितकाच हळवा असतो. तो दिवसाच्या उजेडानं हळूहळू काळवंडतो आणि छबी त्या काळोखीत बुडून जाते. ज्या प्रकाशानं चित्र काढलं, तोच ते पुसतो. लहानपणी मला याची भीती वाटायची. आता वाटतं, परमार्थातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे. ज्या हळवेपणामुळे संतांचं वचन आपल्यात शिरतं, त्याच हळवेपणातून त्याच रात्री शेजारणीचं बोलणं, भावकीतला अपमान, दुसऱ्याच्या घरातलं नवं फर्निचर हेही शिरतं. मन कोरा दगड असतं तर दोन्ही शिरलं नसतं.

म्हणून हायपो, म्हणजे छबी पक्की करणारं रसायन. प्लेट हायपोत टाकली की ते पांढरट दूध खालून विरत जातं, आणि जिथे प्रकाश पडला नव्हता तिथली काच स्वच्छ पारदर्शक होते. पांढरेपणा जायला जेवढा वेळ लागला, तेवढाच आणखी ठेवायची, असा वडिलांचा नियम होता आणि तो या धंद्यात सगळीकडे होता. हायपो चित्रात एक रेघही घालत नाही. तो फक्त काढून टाकतो. चित्राला ज्याचा उपयोग नाही ते गेलं की मगच चित्र उजेडात टिकतं.

वैराग्याचं काम मी असं समजते. वैराग्य म्हणजे काहीतरी मिळवणं नव्हे. परमहंसांनी भक्तीचा लेप सांगितला, आणि त्यांच्या स्वतःच्या जगण्यात त्यागही तितकाच लख्ख होता. पैशाला हात लावायला ते धजत नसत. तेव्हा त्यांच्या दृष्टांतात मी काही नवं भरते आहे असं नाही. लेप आणि त्याग या दोन गोष्टी एकाच काचेवर, एकामागून एक घडतात, एवढंच मला सांगायचं आहे. आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही. छबी उमटायच्या आधीच प्लेट हायपोत टाकली तर हातात नुसती काच राहते. ज्यानं प्रेम करण्याआधीच सगळं सोडलं, असा माणूस मी पाहिला आहे. तो कोरडा होता, रागीटही होता.

आणखी एक पायरी आहे, ती माझ्या वाट्याची. धुणं. हायपो लेपातून पूर्ण निघून गेला नाही तर काही वर्षांनी तोच चित्र खातो, पिवळे डाग पडतात, चेहरा विटतो. ज्यानं नको ते काढलं, त्यालाही काढावं लागतं. ‘आत्मबोधा’त शंकराचार्यांनी निवळीच्या बीचं उदाहरण दिलं आहे, पाणी निवळवून ती स्वतःही तळाशी जाते, तसं ज्ञान अज्ञान घालवून स्वतःही उरत नाही. मी ते वाचलं तेव्हा मला आमच्या मोरीतली ताटली दिसली. वाहत्या पाण्यात प्लेट ठेवून मी उभी असायची आणि कंटाळून लवकर काढली तर वडील काही न बोलता ती परत पाण्यात ठेवायचे. सोडल्याचा अभिमान धुवायला सोडण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आमच्या ओळखीच्या एका कीर्तनकारांना हे सगळं पटत नाही. त्यांचं म्हणणं असं की नाम पुरेसं आहे, कृपा झाली तर क्षणात होतं, मी फार कारागिरी मांडते. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण अर्ध्यात ते बरोबर आहेत. छबीतलं जे काही आहे ते सगळं प्रकाशाचं आहे. डेव्हलपरनं नाक काढलं नाही, हायपोनं डोळा काढला नाही, मी धुऊन भिवई काढली नाही. कृपेत माझ्या प्रयत्नानं काडीची भर पडत नाही, हे मी मान्य करते. पण आलेलं राहू देणं माझ्याकडे आहे, आणि त्याची जबाबदारी मी कृपेवर ढकलणार नाही.

घरोघरी देवघरात असतो तो परमहंसांचा बसलेला फोटो स्टुडिओतला नव्हे. तो अविनाशचंद्र दाँ यांनी दक्षिणेश्वरी राधाकांत मंदिराच्या ओसरीवर काढला. परमहंस समाधीत होते. लोक फोटोला बसताना जे करतात, पाठ ताठ, चेहरा ठेवणीतला, ते करायला तिथे कुणी हजरच नव्हतं. वडिलांनी आयुष्यभर ठेवणीतले चेहरे दुरुस्त केले. या फोटोत पेन्सिल कुठे लावावी हे त्यांना सुचलं नसतं, असं ते म्हणायचे. त्या फोटोची काच हातातून पडून तडकली, म्हणून वरचा भाग कमानीसारखा कापून घेतला गेला, आणि ती कमान आज त्या छबीचीच समजली जाते. काच तडकली तरी छबी वाचली. परमहंसांच्या पत्नी सारदादेवींनी त्या फोटोची पूजा केली. छाया आणि काया यांत त्या फरक मानत नसत.

आमच्या गावाचाही या गोष्टीशी धागा आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये परमहंसांचे शिष्य विवेकानंद कोल्हापूरहून बेळगावला आले, रिसालदार गल्लीत सदाशिवराव भाटे वकिलांकडे आणि नंतर वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. हरिपदबाबूंच्या आग्रहाखातर ते फोटोला तयार झाले, आणि तो इथल्या ‘एस. महादेव अँड सन’ यांनी काढला. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेला तेव्हा अकरा महिने अवकाश होता. स्टुडिओवाल्यांच्या लेखी तो परगावचा एक संन्यासी. तरीही त्यांनी प्लेट इतर कुणाच्या प्लेटइतकीच नीट पक्की केली, म्हणून ती छबी आपल्यापर्यंत आली.

सप्ताह भरवणाऱ्या मंडळींना माझी एक विनंती आहे. कीर्तन संपलं रे संपलं की लाउडस्पीकरवरून देणगीदारांची नावं सुरू होतात, प्रसादाच्या रांगेत ढकलाढकली होते, मोटारसायकली सुरू होतात. नुकती प्रकाश पडलेली प्लेट आम्ही कधी अशी उघडी टाकली नाही. कीर्तनानंतर पंधरा मिनिटं तरी माईक बंद ठेवा, मंडपातले मोठे दिवे घालवा आणि लोकांना बसून राहू द्या. नावं दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर लिहिली तरी चालतील.