सही कुणाची?

गेल्या महिन्यात बडोद्याहून धाकट्या भावाचा फोन आला. त्याची मुलगी बारावी झाली आहे आणि तिला अर्बन स्टडीजमध्ये बी.ए. करायचं आहे. विद्यापीठ खासगी, दुसऱ्या शहरातलं. राहण्या-जेवणासकट वर्षाला ४ लाख रुपये. “ताई, यात सुटतं काय?” त्याने विचारलं. आमचं घर तीन पिढ्यांचं दुकानदारांचं. सुटणं म्हणजे सगळा खर्च वजा जाऊन हातात राहणं. मी तौलनिक साहित्यात एम.ए. केलेली, अनुवादावर जगणारी बहीण. ज्या पदव्यांतून काही सुटत नाही, त्यांच्याबद्दल घरात माझंच मत विचारतात.

मी नेहमीचं उत्तर दिलं : शिक्षण पैशात मोजू नये.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “बरं. मग बँकेच्या कागदावर सहकर्जदार म्हणून तू सही करशील?”

मला बोलता आलं नाही.

त्या रात्री मी आयुष्यात पहिल्यांदा एका पदवीचा हिशेब मांडला. तीन वर्षांचे १२ लाख. व्याज १० टक्के धरलं आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू झाले, तर तोवर कर्ज साडेपंधरा लाखांच्या वर गेलेलं असतं. ते दहा वर्षांत फेडायचं तर दरमहा साधारण २० हजार ६०० रुपये. शिवाय साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. भावाच्या बाबतीत तारण म्हणजे दुकान.

आता जमेची बाजू. नीती आयोगाने २०२१ मध्ये नगररचनेच्या मनुष्यबळावर एक अहवाल काढला. त्यानुसार राज्यांच्या नगररचना खात्यांना १२ हजारांहून अधिक नगररचनाकार हवेत. मंजूर पदं ४ हजारांच्याही आत आणि त्यांतली चाळीस टक्क्यांहून अधिक रिकामी. देशातल्या निम्म्याहून अधिक शहरांना विकास आराखडाच नाही. आणि कित्येक राज्यांत या पदांसाठी नगररचनेची पदवी ही आवश्यक अटही नाही. जिथे अट आहे तिथे ती नियोजनाच्या पदवीची; अर्बन स्टडीजच्या बी.ए.ला त्या दारातून थेट प्रवेश नाही. राहतात संशोधन प्रकल्प, स्वयंसेवी संस्था, सल्लागार कंपन्या. तिथल्या पहिल्या पगारातून वीस हजारांचा हप्ता गेला, तर मोठ्या शहरात खोलीचं भाडं निघणं कठीण. या देशाला शहरं समजणाऱ्या माणसांची गरज आहे, पण त्यांच्यासाठी पगार बाजूला काढून कुणी बसलेलं नाही. भावाचा प्रश्न बरोबर होता.

मग भाचीला हे शिकायचंच का आहे? २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री धोक्याची पातळी ओलांडून बडोद्यात शिरली, रस्त्यांवर मगरी दिसल्या, तेव्हा भावाच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर त्याने हिशेब केला : फ्रिज, वॉशिंग मशीन, स्कूटर, दुकानाचा घरी ठेवलेला माल, असं धरून २ लाख ७० हजार. भाचीने वेगळाच प्रश्न विचारला. सोसायटी होण्याआधी हे पाणी जायचं कुठे? आजीने सांगितलं, मागे कोतर होतं, नदीला मिळणारी घळ. ती भरून त्यावर रस्ता झाला. तेव्हापासून पोरगी म्हाताऱ्या माणसांना विचारत हिंडते आणि बुजलेली तळी, कोतरं एका नकाशावर मांडते. तो नकाशा तिच्या खोलीत भिंतीवर आहे, बरोबर ओल चढलेल्या रेषेच्या वर.

तिला मी पॅट्रिक गेडिसबद्दल सांगितलं होतं. या स्कॉटिश गृहस्थांनी १९१६ मध्ये बडोदा शहराच्या विकासावर अहवाल लिहिला आणि १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. मलेरियाच्या भीतीने शहरातली तळी बुजवण्याला त्यांनी हिंदुस्थानातल्या आपल्या अहवालांतून विरोध केला. त्यांच्याकडे स्वतःची एकही पदवी नव्हती. शहरांबद्दलची जगाची समज बदलणाऱ्या जेन जेकब्जकडेही नव्हती. ही नावं भावाच्या तोंडावर टाकायचा मोह मला झाला. पण ती लबाडी ठरली असती. पदवीवाचून मोठी झालेली दोन माणसं दाखवून हप्ता भरता येत नाही. आणि दोघांच्या नावाने सिद्ध काही होत असेल तर पदवी लागत नाही एवढंच.

लबाडी माझ्या पहिल्या उत्तरातही होती. माझ्या एम.ए.ची फी बाबांनी दुकानाच्या गल्ल्यातून दिली आणि त्या महिन्यात घरात काही कमी पडलं नाही. विद्यापीठ सरकारी होतं. प्राध्यापकांचे पगार, ग्रंथालय, वसतिगृह यांचा खर्च मला न ओळखणाऱ्या लाखो लोकांनी कर भरून सोसला. शिक्षण पैशात मोजू नये, असं मी म्हणू शकते, कारण माझ्या वतीने दुसऱ्यांनी ते मोजून दिलं होतं. भाचीच्या वाट्याला विषय तितकाच उपयोगाचा आला आहे, फक्त बिल आता एका घराच्या नावावर निघतं.

शहर समजून घेण्यातून जे सुटतं ते समजून घेणाऱ्याच्या गल्ल्यात पडत नाही. न बुजवलेल्या तळ्यामुळे ज्यांच्या घरात पाणी शिरलं नाही, त्यांना आपले दोन लाख सत्तर हजार वाचले हे कळतही नाही. न आलेल्या पुराचं बिल कुणाला पाठवायचं? फायदा हजार घरांचा आणि कर्ज एका घराचं असेल, तर “सुटतं काय” या प्रश्नाला एका घरापुरतं उत्तर “काही नाही” असंच येणार. प्रत्येक शहाणा बाप नाही म्हणेल आणि ते योग्यच असेल. मग शहराचा अभ्यास कोण करील? ज्यांना हप्ता जाणवत नाही त्यांची मुलं. ती बहुतेक वरच्या मजल्यांवर राहतात. त्यांना नकाशा काढता येईल. पण मागे कोतर होतं, हे सांगणारी आजी त्यांच्या घरात असेलच असं नाही.

हे सगळं मला पटतं. पण ते पटवून देण्याची किंमत भावाच्या दुकानाने द्यावी, असं म्हणायचा अधिकार मला कुणी दिला?

आठवड्याने मी फोन केला. भाचीला आधी दुसरी वाट सांगितली : सरकारी विद्यापीठात भूगोल किंवा समाजशास्त्र घे, फी झेपेल; पुढे नियोजनाच्या पदव्युत्तर अभ्यासाला जा, ती पदवी नोकरीच्या कागदावर चालते. ती म्हणाली, “आत्या, म्हणजे मला हवं ते पाच वर्षांनी.” मी म्हटलं, हो, पाच वर्षांनी, पण कर्ज न घेता. ती विचार करते म्हणाली.

भावाला सांगितलं की तिने तरीही तोच अभ्यासक्रम घेतला तर मी सही करीन आणि हप्त्याचा तिसरा हिस्सा भरीन. ६ हजार ९०० रुपये. मला अनुवादाचा शब्दाला रुपया मिळतो. म्हणजे महिन्याला सात हजार शब्द जास्त, दहा वर्षं. जमेल की नाही माहीत नाही. पण ज्या सल्ल्यात आपलं काहीच जात नाही, तो यापुढे द्यायचा नाही असं मी ठरवलं आहे.

“आणि यात तुला सुटतं काय?” त्याने विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. या वेळी हिशेब करून सांगितलं होतं.